शेवटच्या पाचातली सून

पुंजाराममामा एसटीत कंडक्टर होते. नोकरी संपली तरी नजर संपली नव्हती. माणूस दारात उभा राहिला की हा पुऱ्या तिकिटाचा का फुकट्या, हे मामांच्या मनात आधीच पंच झालेलं असायचं. सून प्रेरणा कथा लिहून स्पर्धांना पाठवायला लागली, तेव्हा तिच्या खात्यावर त्यांनी 'हौस' एवढंच मांडलं होतं.

"काय मिळतं गं त्याच्यातून?" ते विचारायचे.

"नकार मिळतो, मामा. पण लई आदरानं कळवतात," ती पोळी लाटत म्हणायची.

श्रावणात मात्र फोन आला. एका राज्यस्तरीय स्पर्धेत तिची कथा निवडलेल्या शेवटच्या पाचात आली होती. कथेत पैठण गाडीचा एक कंडक्टर होता, बिडकीनच्या बाजाराला निघालेल्या कोंबडीचंही अर्धं तिकीट फाडणारा. मामांनी ती वाचली, "हा काय मी नव्हे," म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

मग त्यांना राहवेना. गणपती तोंडावर आले होते. सिडकोतल्या त्यांच्या कॉलनीचं मंडळ स्मरणिका काढत होतं आणि जाहिराती भरूनही पानं उरत होती. अध्यक्ष बद्रीनाथ वर्गणी मागायला आला, तर मामांनी वर्गणीसोबत कथाही त्याच्या हातात सरकवली. गुपचूप.

चतुर्थीला सकाळीच स्मरणिका घरोघर पोचली. मामांनी ती सुनेपुढं धरली. "बघ! फोटोसकट छापलीय."

प्रेरणाच्या हातातली मोदकाची पारी तशीच राहिली. "मामा, छापलेली कथा ह्या स्पर्धेत चालत नाही. आणि निकाल तर अजून लागायचाय."

मामांचा चेहरा उतरला. पण डोकं लगेच हिशेबाला लागलं. "अगं, कॉलनीची स्मरणिका ती. आपली जाहिरात आली का, एवढंच बघतेत लोक. परीक्षक काय आपल्या कॉलनीच्या गिरणीत दळण आणतेत व्हय? तू गप बस फक्त."

"तुमच्या गाडीत एखादा फुकट्या असाच गप बसला असता तर?"

मामांनी स्मरणिका मिटून ठेवली. मग म्हणाले, "उतरवला असता."

तिनं पिठाच्या हातानंच फोन लावला. संयोजक बाई हळहळल्या. सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं, असंही म्हणाल्या, पण यादीतून तिचं नाव काढावं लागलं. प्रेरणा पुन्हा मोदकांपाशी बसली. एकेका पारीला चुण्या पाडत गेली, एकही मोदक फुटला नाही. मामांनी तेही टिपून ठेवलं.

संध्याकाळी आरती झाल्यावर बद्रीनाथनं विचारलं, "काय मामा, सूनबाईंचा नंबर?"

"गेला. मी घालवला," मामा सगळ्यांदेखत म्हणाले. "छापायला मी दिली, खरं तिनं सांगितलं. साऱ्या नोकरीत दिसलं नाय बाबा, पण तपासनीस गाडीत नसताना आपल्या हातानं घंटी मारून उतरणारं माणूस मला घरात भेटलं."

गणपती गेले. एका दुपारी प्रेरणा खिडकीशी कागद घेऊन बसलेली दिसली.

"नवीन?"

"हो. वाचून दाखवू?"

मामांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "नको, नको! माझ्या पोटात राहायचं नाय."

दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"एवढंच सांग. कंडक्टर हाय का?"