माझा लाल दिवा काढून घेतला तेव्हा

मी एक जुनी टर्बो गाडी आहे. मित्रांनो, ‘जुनी’ म्हणताना मला मुळीच लाज वाटत नाही, कारण माझ्या तरुणपणी पांढुर्ण्यात टर्बो गाडी म्हणजे मोठं अप्रूप होतं. माझ्या इंजिनाला एक छोटा पंखा जोडलेला आहे. इंजिनातून निघणाऱ्या गरम धुराच्या जोरावर तो गरगर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्यालाच टर्बो म्हणतात. तो इतका वेगात फिरतो, की त्याला सतत तेल लागतं. तेल मिळेनासं झालं की टर्बो गेला, आणि त्याच्या मागोमाग इंजिनही गेलं.

तेल कमी पडतंय हे सांगायला माझ्याजवळ एकच जीभ होती. स्टिअरिंगच्या मागे एक लाल दिवा होता. चावी फिरवली की तो लागायचा आणि इंजिन सुरू झालं की विझायचा. चालत्या गाडीत तो लागला, तर मला ताबडतोब थांबवायचं असा त्याचा अर्थ होता.

मला नवी कोरी घेतली ती पांढुर्ण्याच्या अरविंदरावांनी. सरकारी नोकरीतला शांत माणूस! नागपूरहून आलो की ते मला लगेच बंद करत नसत. तापलेल्या टर्बोला जरा निवू द्यावं, म्हणून इंजिन हळू चालू ठेवून आत बसून राहत. त्यांच्या पत्नी नलिनीबाई दारातून ओरडायच्या, “आता काय गाडीतच झोपता का जी?” ते नुसते हसायचे. एवढा जीव मला दुसऱ्या कोणी लावला नाही. मीही त्यांना कधी वाटेत सोडलं नाही.

पुढे माझं वय झालं. इंजिन तापलं की लाल दिवा लुकलुकायला लागला. अरविंदरावांनी मिस्त्रीला दाखवलं. “तेलाचा पंप झिजला साहेब, इंजिन खोला लागते,” मिस्त्री म्हणाला. “पाहू,” म्हणून अरविंदराव मला घरी घेऊन आले. दोन-चार दिवसांनी, भर दुपारी, त्यांनी स्वतः माझं मीटर उघडलं, लाल दिव्याचा बल्ब काढून खिशात टाकला आणि रिकाम्या भोकावर काळी पट्टी चिकटवली. मला वाटलं, नवा बल्ब आणायला निघालेत. मी भोळी, वाट पाहत राहिले.

बल्ब काही आला नाही. सौंसरचा भूपेंद्र मात्र मला विकत घ्यायला आला. घरचा संत्र्याचा बगीचा, अंगात हौस, आणि जुन्या टर्बो गाडीचं लहानपणापासूनचं वेड. माझ्याभोवती दोन फेऱ्या मारूनच तो माझा झाला होता.

“काकाजी, काही खराबी तं नाही न?” त्याने विचारलं.

“अरे, पोरीवानी सांभाळली हिले. डोळे झाकून घेऊन जाय.”

मी सगळं ऐकत होते. ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कशाने? निघताना नलिनीबाईंनी मला कुंकू लावलं, अरविंदरावांनी डोळे पुसले. ते रडणं खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला आजवर उमगलेलं नाही.

सौंसरला आल्यावर भूपेंद्र मला घेऊन सिल्लेवानीच्या घाटात गेला. मी जपून चढत होते. तेवढ्यात एक खडखडती बस मागून आली, पुढे निघून गेली आणि खिडकीतल्या पोरांनी त्याला टाटा केला. झालं! भूपेंद्रच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. येत्या रविवारी बायको दिपाली आणि छोट्या हिमानीला घेऊन याच घाटाने छिंदवाड्याला जायचं होतं. त्याआधी माझ्या टर्बोचा हवेचा दाब वाढवून ताकद वाढवायचीच, असं त्याने ठरवलं.

शनिवारी मला लोधीखेड्याला वीरेंद्र मिस्त्रीकडे नेलं. दिपाली सोबत होती.

“भाऊ, पहिले हिची तब्येत तं पाहू द्या. ताकद मंग वाढवू,” वीरेंद्र म्हणाला.

“तब्येत एकदम टकाटक हाय. अरविंदकाकाची गाडी हाय ते! तू फक्त दाब वाढव.”

गिऱ्हाईक हटून बसल्यावर मिस्त्री तरी किती वाद घालणार? त्याने पाना उचलला आणि आधी इंजिन सुरू करायला सांगितलं. तेल पुरत नसताना दाब वाढवला, तर टर्बो घाटातच जाम होणार, ऐन वळणावर इंजिन बंद पडणार, आणि मागच्या सीटवर हिमानी. मला सगळं दिसत होतं आणि माझ्या तोंडाला पट्टी होती.

“दिपाली, स्टार्ट मार,” भूपेंद्र म्हणाला.

दिपालीने चावी अर्धी फिरवली आणि तिथेच थांबली. माहेरी ती ट्रॅक्टर चालवायची.

“याच्यात तेलाचा लाल दिवा काहून नाही लागून राहिला?”

“जुनी गाडी हाय, नसंन लागत.”

“आमचा ट्रॅक्टर याच्याहून जुना हाय. त्याचा लागते. मी नाही करत स्टार्ट.”

तिने चावी काढून मुठीत धरली. वीरेंद्रने मीटर उघडलं. आतली काळी पट्टी पाहून भूपेंद्रचा चेहरा उतरला. मग वीरेंद्रने तेलाचा दाब मोजणारं यंत्र जोडून मला क्षणभर चालवलं. काटा जेमतेम हलला. छिंदवाड्याचा बेत जागच्या जागी रद्द झाला.

भूपेंद्रने फोन केला. संध्याकाळी अरविंदराव आले. माझं इंजिन खोलून ठेवलं होतं. ते त्याच्यापाशी येऊन उभे राहिले.

“लय जीव होता बावा माहा हिच्यावर,” ते हळूच म्हणाले.

“जीव होता, तं तिले कुठं दुखते थे काहून नाही सांगतलं?” दिपालीने विचारलं. “माही पोरगी बसनार होती याच्यात.”

मला वाटलं, अरविंदराव निदान एकदा माझ्याकडे पाहतील. ते तसेच वळले आणि बस स्टँडकडे निघून गेले.

आता माझा पंप नवा आहे. वीरेंद्र टर्बोचा दाब थोडा थोडा वाढवतो आणि दर वेळी तेलाचा काटा तपासतो. भूपेंद्र घाई करत नाही. मित्रांनो, मी बरी झाले. पण अरविंदरावांवर मी चिडू की त्यांची आठवण काढू, हे मला ठरवता येत नाही. तुमच्या घरातही मुकी वस्तू असेल, मुकं जनावर असेल. त्यांना प्रेमाने पुसा, सजवा, हवं तर दुसऱ्याला देऊनही टाका. फक्त देताना त्यांचं दुखणं लपवू नका. ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतं.