शर्ट आत घेताना

टक्. बटण फरशीवर पडलं आणि घरंगळत कपाटाखाली गेलं. मी श्वास रोखून पडद्याकडे पाहिलं. पलीकडे आप्पांना दुपारची झोप लागली होती. खोकला आला नाही, कूस बदलल्याची चाहूलही नाही. मग मी त्यांची पँट पुन्हा मांडीवर घेतली.

माझे वडील शिंपी. उभा जन्म दुसऱ्यांची मापं घेण्यात गेलेला, आणि आम्ही त्यांच्यापासून त्यांचंच माप लपवत होतो. पोटातला कॅन्सर यकृतात पसरला होता. डॉक्टरीणबाईंनी दादाला आणि मला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. आता यातून बरं होणं नाही. त्यांनी विचारलं तर खोटं बोलू नका, हवं तर मी सांगते, असंही म्हणाल्या. बाहेर आल्या आल्या दादाने मला बजावलं, तो माणूस हाय खाईल, एक अक्षर काढायचं नाही. मलाही ते सोयीचंच वाटलं. आप्पांना सांगायला आम्ही व्रण ठरवला. पोटात व्रण आहे, भरायला वेळ लागतो.

व्रण आमच्या जिभेवर रुळला, पण आप्पांच्या अंगावरचे कपडे ऐकेनात. शर्ट लोंबायला लागले. आरशात पाहिलं की यांना कळणार, या धास्तीने मी एकेक शर्ट आत घेत गेले, पँटची बटणं सरकवत गेले. लेक शाळेत आणि आप्पा झोपेत, तेवढ्याच वेळात. लहानपणी मी सुई हातात घेतली की ते मला 'उसवणी' म्हणायचे. माझे टाके म्हणजे वाट चुकलेल्या मुंग्या. त्याच टाक्यांनी मी शिंप्याच्या घरात शिंप्याला फसवायला निघाले होते.

एका सकाळी आरशासमोर केस विंचरता विंचरता ते म्हणाले, "उसवणे, खरं सांग. मी बरा होणार आहे ना?"

घरात आम्ही दोघंच होतो. अशी वेळ पुन्हा आली नाही.

"काहीतरीच काय, आप्पा. साधा व्रण आहे."

"बरं." त्यांनी कंगवा ठेवला. मग शर्टाच्या बगलेवरून हात फिरवून हसले. "बसतोय की अजून. वजन धरलंय म्हणायचं."

दादाला सांगितलं तर तो खूश. बघ, कसा उमेदीत आहे माणूस, म्हणाला.

पुढच्या धुण्याला तोच शर्ट उलटा केला आणि माझा हात थांबला. माझा एकही टाका तिथे नव्हता. त्या जागी बारीक, एकसारखी शिवण, त्यांच्या हातची. मी घेतला होता त्याहून बोटभर आत. जादा कापड न कापता दुमडून ठेवलेलं, गिऱ्हाइकाच्या कपड्यात ठेवायचे तसं. आपण किती वाळलो ते त्यांनी स्वतःच मापून घेतलं होतं, आणि आमचं खोटं उघडं पडू नये म्हणून शर्टही बसवून घेतला होता.

संध्याकाळी मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले. दादा त्यांना सांगत होता, बरे झालात की दुकानाला नवा रंग काढू. आप्पा मान डोलवत होते, पिवळा नको म्हणाले. दादासमोर कसं बोलू? उद्या बोलू, असं मी ठरवलं.

रात्रीतून दुखणं वाढलं. औषध वाढवलं, आणि मग ते पूर्ण वाक्य बोलण्याइतके जागे झालेच नाहीत. भीती वाटते का, कोणाला भेटायचंय का, आमच्यावर रागावलात का, सगळं विचारायचं राहिलं. त्यांचंही काही बोलायचं असेल. आम्ही त्यांना आमचीच समजूत काढायला लावली.

आप्पा गेल्यावर भेटायला येणाऱ्यांना दादा सांगायचा, शेवटपर्यंत त्यांना कळू दिलं नाही आम्ही, व्रणच म्हणत राहिलो. माणसं माना डोलवायची. लेक माझ्या मांडीवर बसून ऐकायची.

काल ती शाळेतून आली ती पोट धरूनच. मी तिला आडवं केलं, कोमट पाणी पाजलं, पोटावरून हात फिरवला. डबा भराभर खाल्ला होता, दुसरं काही नाही. "काही नाही गं," मी म्हटलं. "साधं दुखतंय. होईल बरं."

तिने माझा हात धरून थांबवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"आई, हे खरं खरं आहे, की आजोबांना सांगायचीस तसलं?"