कुंकवाखालचं बटण

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंदापुरात एसटी स्टँडमागच्या गल्लीत त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. सर्जेराव तात्यांच्या कॉम्प्युटर क्लासात वेगनाथ महाराज मशीनमध्ये प्राण फुंकणार होते म्हणे! क्लासात शिकवणारी दिशा परीक्षेसाठी बारामतीला गेली होती, ती दसऱ्यानंतर आजच कामावर आली. बिचारीला स्वतःच्याच क्लासात धक्के खात शिरावं लागलं.

"तात्या, काय चाललंय हे?"

"अगं, दसऱ्याला पूजा केली अन् तवापासनं दोन्ही मशीन गोगलगायीवानी चालत्यात. आकडा बघ, सहासष्टाचा तेहतीस झालाय. नजर लागली, दुसरं काय!"

आकडा म्हणजे कॅबिनेटच्या तोंडावर लाल दिव्यांनी दिसणारा मशीनचा वेग, मेगाहर्ट्झमध्ये. वेगनाथ महाराजांनी पहिल्या मशीनवर भगवं उपरणं टाकलं, खाली हात घातला आणि डोळे मिटले.

"चिपेत चैतन्य, चैतन्यात चिप! ॐ मेगाहर्ट्झाय नमः!"

उपरणं ओढलं. सहासष्ट! गर्दीनं असा गजर केला की स्टँडवरचा कंडक्टर घंटी मारायला विसरला असेल.

"हे तर काहीच नाही," महाराज म्हणाले. "कंपनीनं दिलेल्या वेगाच्याही पुढं नेतो. पौर्णिमेला नव्याण्णव! आणि यंत्राचा मेंदू पळवला, तर माणसाचा काय अवघड? आणा पोरीला."

पोरगी म्हणजे तात्यांची नऊ वर्षांची स्वरूपा. तिला फिट यायची. डॉक्टरांच्या गोळ्यांनी वर्षभर एकही आली नव्हती, पण पोरीला सुस्ती असायची, अभ्यासात मागं पडायची.

"या गोळ्यांनीच हिचा वेग अडवलाय. भीमेत सोडून द्या."

"व्हय महाराज, आजच सोडते," म्हणत आजी ठमाबाईंनी गोळ्यांची पट्टी मुठीत घट्ट धरली.

दिशा गर्दी सारत पुढं झाली. याच खोलीत स्वरूपाला फिट आली तेव्हा पोरीचं डोकं तिच्याच मांडीवर होतं.

"तात्या, असं करू नका! गोळी एकदम बंद केली तर फिट परत येईल. जिवावर बेतेल!"

"तुझ्या डॉक्टरला मशीनचा आकडा वाढवता येतो व्हय?" तात्या गुरकावले.

दिशानं दुसऱ्या मशीनकडं पाहिलं. महाराजांनी त्याला अजून हात लावला नव्हता. आकड्याखालच्या गोल बटणावर कुंकवाचा हा जाड थर!

"आजी, हे कुंकू कुणी लावलं?"

"म्याच. कुठं लावावं कळंना. ही गोल जागा दिसली, तितं अंगठा चांगला दाबून लावलं. दोन्हीला."

दिशाला हसावं की रडावं कळेना.

"स्वरूपा, इकडं ये. त्या कुंकवावर बोट दाब बघू."

टक्. सहासष्ट.

"पुन्हा दाब."

टक्. तेहतीस.

"हे टर्बोचं बटण," दिशा म्हणाली. "ते दाबून मशीन हळू किंवा जोरात चालवता येतं. आजींनी पूजेत नकळत दाबलं, महाराजांनी उपरण्याखाली मुद्दाम दाबलं. आणि तो आकडा मशीन मोजतही नाही. विकणाऱ्यानं बटणाला दोन आकडे जोडून ठेवलेत, तेच आलटून पालटून दिसतात. विकणारा तिथं नव्याण्णवही लावील, पण वेग तेवढाच राहील. आणि खरंच झेपेल त्याच्याबाहेर पळवलं, तर चिप तापून बंद पडते."

"माझीच शक्ती त्या मशीनमध्ये उतरली!" महाराज गरजले.

"असं व्हय? मग हात मागं घ्या आणि नुसता मंत्र म्हणा. तेहतिसावरच ठेवलंय."

महाराजांनी मंत्र म्हटला. मग मोठ्यानं म्हटला. मग घाम पुसत म्हटला. तेहतीस काही हलेना. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी गल्ली हसायला लागली. महाराजांनी उपरणं उचललं, चपला शोधल्या आणि मिळेल ती एसटी धरली.

तात्या मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आये, पट्टी दे," ते एवढंच म्हणाले. ठमाबाईंनी मूठ उघडून पट्टी दिली. तात्यांनी स्वतः पाणी आणून पोरीला गोळी दिली.

गर्दी पांगू लागली तशी दिशा दारात उभी राहिली.

"देवाला हात जोडा, न जोडा, तुमची मर्जी. पण उपरण्याखाली हात कशाला लागतो, एवढं आज एकानं तरी विचारायचं होतं. आपण विचारलं नाही, म्हणून या पोरीच्या जिवावर बेतणार होतं."