बत्तीस पानांची कीर्ती

मी एक जुनी कादंबरी आहे. 'मराठी हृदयसिंहासनावर युगानुयुगे विराजमान होणारी प्रेमाद्भुत कथा' असे माझ्या मुखपृष्ठावर छापले आहे. सध्या मी नेवाशाच्या वाचनालयात कपाटाच्या मोडक्या पायाखाली आहे. कपाट आता डुगडुगत नाही.

मित्रांनो, माझे नाव 'मयूरद्वीपाची राजकन्या'. १९४३ साली, कागद मिळत नव्हता त्या दिवसांत, पुण्याच्या एका छापखान्यात मी तीनशे चार पानांची जन्मले. त्या काळी छापलेले कागद घड्या घालून तसेच शिवत. पानांच्या कडा जोडलेल्या राहत, आणि वाचणाऱ्याने त्या सुरीने उघडायच्या. वाचनालयाचे चिटणीस आप्पासाहेब यांनी शिक्के मारण्यापुरती माझी पहिली बत्तीस पाने उघडली. एकोणतिसाव्या पानावर राजपुत्र अमरजित राजकन्या नीलांबरीला मोरांच्या रथातून चांदण्यात नेतो. ते वाचून आप्पासाहेबांनी डोळे पुसले आणि मला पुढे दिले.

माझी कीर्ती झाली. गावात माझी एकच प्रत. लोक नाव नोंदवून महिनोन्महिने थांबत. वकिलांनी, वैद्यांनी, पोस्टमास्तरांनी मला घरी नेले, उशाशी ठेवले आणि परत करताना रथाचे नाव काढून माना डोलावल्या. माझ्यावर एक व्याख्यानही झाले, तेही रथावरच. तेहतिसाव्या पानाची कड मात्र कोणी उघडली नाही. आधीच्याने एवढे वाखाणलेले पुस्तक आपल्याच्याने पुढे जात नाही, हे सांगणार कोण?

अंबिका मुलींच्या शाळेत शिकवत असे. वय बावीस, म्हणजे गावाच्या मते लग्नाला उशीरच झालेला. कचेरीतले कारकून रविकांत तिला पाहायला आले, तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला: लग्नानंतर मला शाळेत शिकवू द्याल का?

रविकांतांनी आधी बैठकीकडे पाहून स्मित केले.

"'मयूरद्वीपाची राजकन्या' वाचा," ते म्हणाले. "अमरजित शेवटी नीलांबरीला जे सांगतो, तेच माझं उत्तर."

बैठक खूश झाली. मागच्याच महिन्यात रविकांतांनी मला घरी नेले होते. अंबिकेने माझ्यासाठी नाव नोंदवले आणि वाचून होईपर्यंत होकार कळवायचा नाही, असे वडिलांकडून वदवून घेतले. तिचा नंबर एकोणिसावा होता. तिचे वडील मार्तंडराव यांनी ओळख लावून तो तिसरा करवला.

बायका वाचनालयात येत नसत. झाडलोट करणाऱ्या गोजरबाई पुस्तके पदराखालून घरोघर पोचवीत. मला अंबिकेच्या हाती देताना त्या म्हणाल्या, "समदं गाव म्हनतंय, लई झ्याक हाय. पर बाई, ह्येची पानं तर जोडल्यालीच हायती."

अंबिकेने भाजीची सुरी घेतली. बत्तीस पानांपुढे मला पहिल्यांदाच कोणी उघडत होते. मी शहारले. माझ्यात काय आहे ते मला ठाऊक असल्यामुळे लाजही वाटली.

रथ खाली उतरल्यावर माझ्यात काहीच घडत नाही. अमरजित सत्तर पाने नीलांबरीच्या डोळ्यांचे वर्णन करतो. नीलांबरी 'नाथ' म्हणते आणि मूर्च्छित पडते, असे अकरा वेळा. पहिल्या चार मूर्च्छा अंबिकेने समजून घेतल्या. पुढच्या तिने शेवटच्या प्रकरणाच्या आशेवर काढल्या. शेवटच्या प्रकरणात शाप लागून नीलांबरीची संगमरवरी मूर्ती होते. अमरजित ती महालात बसवतो आणि म्हणतो, 'प्रिये, आता तुला कुठेच जायला नको.'

अंबिकेने त्या पानात बोट घालून मला मिटले. मग ती मला घेऊन ओसरीवर आली.

"नाना, त्यांनी हे वाचलेलंच नाही. पानं मी उघडली."

"बरंच झालं की," मार्तंडराव म्हणाले. "म्हणजे हे त्यांचं उत्तर नाही."

"मग त्यांचं उत्तर काय?"

मार्तंडरावांनी मला चाळले आणि एकोणतिसाव्या पानावर थांबले. "रथ मात्र छान आहे हं," ते म्हणाले.

तिच्या हट्टाखातर त्यांनी रविकांतांना पुन्हा विचारून पाहिले. उत्तर आले, की सविस्तर पुस्तकात आहेच.

लग्न वैशाखात झाले. ताटातल्या तांदळांवर अंगठीने वधूचे नवे नाव लिहायची वेळ आली, तेव्हा रविकांतांनी मोठ्या कौतुकाने 'नीलांबरी' लिहिले. सगळ्या मांडवाला कल्पना आवडली, असे गोजरबाई झाडता झाडता सांगत होत्या. शाळेने अंबिकेच्या जागी दुसऱ्या बाई नेमल्या.

इकडे माझीही उतरण लागली. उघडी पाने पाहून सभासद बिचकू लागले. आता पुढचे वाचावे लागणार. आप्पासाहेबांनी 'हाताळून खराब' असा शेरा मारून मला कपाटाच्या पायाखाली सरकवले.

मित्रांनो, पुस्तकांना जपा, कव्हर घाला, थुंकी लावून पाने उलटू नका, असे सांगायची आमच्यात रीत आहे. पण मला सगळ्यांनी फारच जपले. माझी विनंती एवढीच, की जे वाखाणता ते एकदा शेवटपर्यंत उघडून पाहा. निदान त्याच्या आधाराने कोणाला उत्तर देण्यापूर्वी तरी.

माझ्या डोक्यावरच्या कपाटात आता माझी नवी प्रत आहे. तिची शिक्क्यांपुरती बत्तीस पाने उघडली आहेत. आत 'विवाहाप्रीत्यर्थ भेट, श्री. रविकांत व सौ. नीलांबरी' असे लिहिले आहे. अक्षर अंबिकेचे आहे. तिच्यासाठी थांबलेल्यांच्या यादीत सत्तावीस नावे आहेत.