अर्थिंगखालचा निळा रंग

“बाबा, तुम्ही पिकअप खरंच दुरुस्त करताय, की नुसता तिच्यावरून हात फिरवताय?”

‘हिंमत असेल तर विचारून दाखव,’ असं मैत्रिणी टकळीला म्हणाल्या होत्या. तिने विचारलंसुद्धा! तोंडाला खळ नाही म्हणून घरात तिचं नावच टकळी.

बाबा बॉनेटमधून वरही आले नाहीत. “पाना दे. दहा-अकराचा.”

जुनी पिकअप. सेल्फ मारला की कधी पहिल्या झटक्यात सुरू, कधी नुसतंच ‘टक’. बॅटरी बदलली, स्टार्टर बदलला, फरक शून्य. काल आई नर्सरीची रोपं घेऊन भर उन्हात चौकात अडकली, निम्मी करपली. सोमवारी भंगारवाला येणार होता. लोकांच्या गाड्यांचे बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखणारे बाबा घरच्याच गाडीपुढे हरले, हे टकळीला काही केल्या पटेना.

बॅटरीच्या काळ्या वायरीवरून बोट फिरवत ती अर्थिंगच्या बोल्टपाशी, म्हणजे ती वायर गाडीच्या लोखंडाला जोडतात तिथे, पोचली. बोल्टाखाली जाड, चकचकीत निळा रंग. आठ महिन्यांपूर्वी दादाने चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, रंगवली होती आणि वायर थेट रंगावरच आवळली होती. रंगातून करंट धड जाणार कसा? त्याच आठवड्यात तो तापाने गेला.

तिने जंपर केबल बॅटरीच्या मायनसवरून इंजिनच्या उघड्या लोखंडाला जोडली. तिच्या हाकेसरशी आईने गाडीत बसून चावी फिरवली. सुरू. बंद. सुरू. दहा वेळा, एकदाही ‘टक’ नाही.

“सापडलं!” टकळी ओरडली. मग तिला बाबांचा चेहरा दिसला. “तुम्हाला... माहीत होतं?”

“कधीचंच.” बाबा हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. “त्याचं शेवटचं काम गं. ‘बाबा, बघा ना, कसं जमलंय!’ म्हणाला. मी न बघताच शाबासकी दिली. आता तो रंग खरवडायला हात धजत नाही.”

“आणि काल मी त्या चौकात...” आई चावी काढून खाली उतरली.

दादा होता तेव्हा घरातली जेवणं त्याच्या चुका काढण्यातच संपायची. नळ उघडा ठेवणारा, डब्यांची झाकणं हरवणारा दादा. तो गेला आणि त्याची एकही चूक उरली नाही. भिंतीवरच्या फोटोतला तो गुणी मुलगा टकळीला ओळखूच येत नसे.

तिने पॉलिश पेपर उचलला.

“दादा चुकला होता,” ती म्हणाली. “अस्सा वेंधळा होता माझा दादा! हा रंग मी खरवडणार, आत्ता. तुम्ही दोघांनी इथेच उभं राहून बघायचं. आणि गाडी विकायची नाही.”