वरचं खाली

पुंडलिकआप्पांचा हिशेब साधा होता. त्यांना एका फटक्यात कळतं ते उपयोगाचं, आणि जे कळत नाही ते सरकारनं उगाच पोरांच्या डोक्यावर घातलेलं. आप्पा संस्थेचे सचिव, त्यामुळं गारखेड्याच्या या शाळेत काय राहतं आणि काय जातं ते याच हिशेबानं ठरायचं. मागच्या वर्षी शिवणकाम गेलं. यंदा टेक्निकल ड्रॉइंगची पाळी होती, आणि विषयाबरोबर तो शिकवणाऱ्या अक्षदा मॅडमचीही.

"एक तास बसून बघतो," आप्पांनी सांगितलं होतं. "पटलं तर ठेवू, नायतर कॉम्प्युटरवाला तयारच आहे."

म्हणून आज आप्पा नववीच्या शेवटच्या बाकावर होते. बाक पोरांच्या मापाचा, त्यामुळं एक पाय बाहेर. शेजारी मुख्याध्यापक बद्रीनाथ सर. आप्पांची मान हलली की सरांची हलायची. आपणहून ती हललेली कुणी पाहिली नव्हती.

अक्षदानं टेबलावर लाकडी ठोकळा ठेवला. दोन पायऱ्यांचा, जिन्याचा तुकडा कापून आणावा तसा.

"चित्रकलेच्या तासाला हा जसा दिसतो तसा काढता. इथं तुमचा कागद बघून कारागिराला तसाच दुसरा बनवता आला पाहिजे. म्हणून समोरून बघायचं आणि काढायचं. मग वरून बघायचं आणि काढायचं."

तिनं फळ्यावर पायऱ्यांचा आकार काढला. कडांवरून बारीक रेषा सरळ वर नेल्या आणि तिथं एक आयत काढून त्याचे दोन भाग केले. पायऱ्यांशेजारी लिहिलं 'समोरचं', आयताशेजारी 'वरचं'. तळहाताला घाम होता, पण रेषा सरळ आल्या.

"व्हय की!" मागून आवाज आला. "वरचं वर. लई सोपं आहे की हो बद्रीनाथ! मी उगाच घाबरलो. ठेवा, हा विषय ठेवा."

बद्रीनाथ सरांची मान हलली. अक्षदानं खडू खाली ठेवला.

"मॅडम," सुकेशनी उभी राहिली होती, "पुस्तकात वरचं खाली दिलंय."

अक्षदानं फळ्याकडं पाहिलं आणि तिला चूक दिसली. शाळेत येण्याआधी ती वाळूजच्या एका कंपनीत ड्रॉइंग काढायची. गिऱ्हाईक अमेरिकेचं, आणि त्यांच्या पद्धतीत वरून दिसणारं वरच काढतात. आपल्या पुस्तकात, परीक्षेत ते खाली. घाबरलेला हात जुन्या सवयीनं गेला होता.

"छापणाऱ्याची चूक असंल," आप्पा म्हणाले. "वरचं खाली कसं जाईल? बस गं बाई तू."

तिच्या मागच्या बाकावरचा शिवम फिदीफिदी हसला. बद्रीनाथ सर अक्षदाकडं बघत होते, आणि त्यांची मान चक्क आपणहून हलली: डावीकडं, उजवीकडं. नको. बोलू नका.

खरंच, बोलायची गरज काय होती? छपाईची चूक आहे, एवढं म्हटलं की विषय राहिला, नोकरी राहिली. परीक्षेला अजून अवकाश होता. पण सुकेशनी मुकाट्यानं खाली बसली होती आणि पुस्तकातल्या आकृतीवर काट मारायला तिनं पेन्सिल टेकवली होती.

"थांब!" अक्षदा म्हणाली. "पुस्तक बरोबर आहे. मी चुकले."

सुकेशनीनं पेन्सिल उचलली.

"म्हणजे मला कळलं ते काय होतं?" आप्पांनी विचारलं.

"तेही चुकलं, आप्पा."

बद्रीनाथ सरांना खोकल्याची उबळ आली. अक्षदानं शेवटच्या बाकाकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं सुचलं नसतं. तिनं जाड पुठ्ठा मधोमध दुमडला. अर्धा भिंतीसारखा उभा केला, अर्धा जमिनीसारखा आडवा, आणि मध्ये ठोकळा धरला. मोबाईलची बॅटरी लावून ठोकळ्याच्या डोक्यावर नेली.

"वरून बघतेय. सावली कुठं पडली?"

"खाली!" पोरं ओरडली.

तिनं सावलीभोवती खडू फिरवला, ठोकळा काढला आणि आडवा पुठ्ठा खाली झुकवून भिंतीच्या रेषेत खाली लोंबता धरला. आयत आपोआप भिंतीवरच्या पायऱ्यांच्या जागेखाली आला. मग तिनं फळ्यावरचा 'वरचं' शब्द पुसला.

"घोळ या शब्दानं केला. हे 'वरचं' नाही, 'वरून' आहे."

"पण मला तर पटलं होतं," आप्पा हटेनात.

"अमेरिकेत तुम्ही म्हणता तसंच काढतात."

आप्पांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "थट्टा करता काय मॅडम?"

"नाही आप्पा. मी वाळूजला तसलीच ड्रॉइंग काढायचे. म्हणून हात तिकडं गेला."

"अमेरिकेत," आप्पा सरांकडं वळून म्हणाले. सरांनी मान हलवली. "मग मी चुकलो नाय. गाव चुकलं." पोरं हसली तशी आप्पांनी डोळे वटारले, पण ते थोडेच. "त्या कॉम्प्युटरवाल्याला सध्या थांब म्हणावं. चला, कळलं सगळं."

ते बाकातून पाय ओढत उठले. दारापर्यंत गेले आणि थबकले.

"बरं मॅडम, डावीकडून बघितलं तर? ते तर डावीकडंच काढायचं ना?"

बद्रीनाथ सरांनी डोळे मिटले.

"नाही आप्पा. उजवीकडं."

आप्पा फळ्याकडं बघत उभे राहिले. मग माघारी आले आणि पहिल्याच बाकावरच्या पोराला खांद्यानं सरकवत म्हणाले, "सरक रे. तो पुठ्ठा आणा इकडं."