शिट्टीआधीचा श्वास

“घोडी गेली, खिंड गेली, आता माझं डोकं तेवढं फुटायचं ऱ्हायलंय,” स्नेहल पिठाला सांगत होती.

भाकरीचं पीठ मळताना स्नेहल जे बोलते ते पिठालाच बोलते, शेजारी मेथी निवडत बसलेल्या सासूला नाही, असं त्या घरात न ठरवता ठरलेलं होतं. म्हणून मुक्ताबाईंनीही ते ऐकलं नाही. ऐकलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

पुढच्या खोलीत सोपानरावांचा रेकॉर्ड प्लेअर वाजत होता. वाजत कसला, गर्जत होता. ढोल, तुताऱ्या, टापा. न्हावऱ्यातल्या त्या गल्लीत सकाळी कुणाकडं हरिपाठ लागायचा, कुणाकडं कांद्याचा भाव. सोपानरावांकडं अमेरिकेतल्या उघड्या माळावरून घोडेस्वार सुटायचे. मागल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत हे घोडेस्वार उंबऱ्याच्या आत राहत. आता ते पार डेअरीपर्यंत जात, आणि दूध मापता मापता डेअरीवाला म्हणे, “निघाली आप्पांची फौज.”

आवाज का वाढला ते सगळ्यांना ठाऊक होतं. रांजणगावच्या कंपनीतून आलेला सत्यजीत जेवताना हळूच म्हणायचा, “आई, तू बोल की.”

“तू ल्योक हायेस, तू बोल.”

“तुझं ऐकत्यात ते,” सत्यजीत म्हणायचा, आणि स्वतःच्याच शब्दाला ठेच लागल्यासारखा मान खाली घालून आमटी ओरपायचा.

घरानं एक शब्द शोधून ठेवला होता, दडे. आप्पांच्या कानाला दडे बसलेत. हिवाळ्यात थंडीनं बसायचे, उन्हाळ्यात पंख्यानं, पावसाळ्यात सर्दीनं. वर्षाचे बाराही महिने त्या दड्यांना काही ना काही कारण मिळत गेलं.

सोपानरावांची सारी नोकरी दौंडला, रेल्वेत. कोळशाच्या इंजिनावर फावडं मारण्यापासून सुरुवात केली आणि ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले. तरुणपणी तिथं रेल्वेच्या हॉलमध्ये इंग्रजी पिक्चर दाखवत, टोपीवाले, घोड्यावरचे, कमरेला पिस्तूल लावलेले. बोलणं एक अक्षर कळायचं नाही. कळायचं ते संगीत. पुढं एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरचं बिऱ्हाड कायमचं परदेशी निघालं, तेव्हा त्याच्या बायकोनं एक पेटी सोपानरावांच्या हातात दिली. त्यात त्याच पिक्चरांच्या संगीताच्या तबकड्या होत्या. तिथून नाद लागला. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचे फूटपाथ, सिकंदराबादचं भंगार. गाडी जिथं थांबली तिथं सोपानराव तबकड्या धुंडाळत फिरले.

त्या धुंडाळण्यात त्यांना एक गोष्ट कळली. एकाच पिक्चरचं संगीत दोन तऱ्हेनं मिळतं. पिक्चरमध्ये प्रत्यक्ष वाजलं ते एक. आणि नंतर कधीतरी दुसरे वादक बसवून, चांगल्या यंत्रावर, पहिल्यापासून परत वाजवून घेतलेलं ते दुसरं. पहिल्याला ते ‘असल’ म्हणत, दुसऱ्याला ‘फेर’. पण फेरला कुणी नक्कल म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. “कालच्या वांग्याला परत फोडणी दिली म्हणून ते वांगं खोटं व्हतं का?” ते विचारायचे. “चव येगळी असती. ती वळखता आली पाहिजे, बास.”

आणि त्यांना ती ओळखता यायची. दोन ओळी वाजल्या की सांगत. देशभरातले तबकड्या जमवणारे लोक फोनवर तुकडे पाठवून विचारायचे, “आप्पा, हे काय आहे?” आप्पा म्हणतील ते काय ते.

रविवारी दुपारी नवराबायकोचा एक खेळ चालायचा. सोपानराव प्लेअरकडं पाठ करून, डोळे मिटून बसत. मुक्ताबाई पेटीतली कुठलीही तबकडी काढून लावत. ते म्हणत, “असल.” मग बाईंनी म्हणायचं, “असल.” ही इंजिनातली रीत. ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट, दोघांनी पुढचा सिग्नल मोठ्यानं म्हणायचा. एकानं ‘हिरवा’ म्हटलं की दुसऱ्यानं ‘हिरवा’. पण नुसतं पोपटासारखं नाही. स्वतः बघायचं, मग म्हणायचं. दिसलं वेगळं तर जे दिसलं ते म्हणायचं, आणि गाडी थांबवायची.

“माझ्यामागं म्हणायचं म्हणून म्हणशील तर मला आंधळा करशील,” हे त्यांनी नव्या नवरीला शिकवलं होतं. तिनंही कान तयार केला. एका शिट्टीच्या तबकडीची खूण तर तिला पाठ होती. असलमध्ये दुसऱ्या ओळीच्या आधी शिट्टीवाला श्वास घेतो, बारीकसा, चहाच्या कपावर फुंकर मारावी तेवढा. फेरमध्ये तो पुसलेला आहे.

मागल्या वर्षीच्या दिवाळीत मुक्ताबाईंनी तीच असल लावली. श्वास आला. सोपानराव मान डोलवत म्हणाले, “फेर.”

बाईंना वाटलं, चेष्टा. त्यांनी वाकून नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. चेष्टेच्या वेळी त्यांची डावी मिशी हलते. मिशी हलली नाही. तोंडावर नुसतं सुख होतं.

“फेर,” मुक्ताबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या आप्पांच्या उत्तरांवर नजर ठेवायला लागल्या. हळूहळू ध्यानात आलं, बारीक, उंच सूर आप्पांच्या कानातून गेले; ढोल तेवढे उरले. त्यांना सगळंच फेर वाटायला लागलं होतं. मग बाईंनी स्वतःपुरता मार्ग काढला. त्या फेरच लावायला लागल्या. म्हणजे ते म्हणतील तेही खरं, आपण म्हणू तेही खरं. असल तबकड्या पेटीच्या तळाला गेल्या. “अगं, सारख्या फेरच कशा निघत्यात?” एकदा आप्पा म्हणाले. बाई म्हणाल्या, “हाताला लागंल ती काढते.” हे मात्र खोटं होतं.

बोलायची भीती एवढीच नव्हती की त्यांना वाईट वाटेल. एकदा, कान खणखणीत असताना, सोपानरावच म्हणून गेले होते, “कान गेला की पेटी भंगारात. भिंतीला टेकून ऐकल्याचं सोंग करणारा मी न्हवं.” मग हा माणूस दिवसभर करील काय, हा विचार मुक्ताबाई मेथीच्या काडीबरोबर मोडायच्या आणि बाजूला टाकायच्या.

आणि आता दौंडहून भिमाजीचा निरोप आला होता. भिमाजी आप्पांचा जुना असिस्टंट. पुण्याची करिश्मा नावाची एक बाई त्याच्या घरी एक तबकडी घेऊन येणार होती. कव्हर नाही, मधला कागद खरवडलेला. असल की फेर, आप्पांनी समोर बसून सांगावं.

“आपण यस्टीनं जाऊ,” मुक्ताबाई म्हणाल्या.

“मला काय म्हातारा केलास का?” म्हणत सोपानरावांनी स्कूटर काढली.

उसाचा हंगाम होता. रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग, प्रत्येक ट्रॅक्टरवर कर्णे लावलेले. मुक्ताबाई मागं बसून सारखी मान वळवत होत्या. भीमेच्या पुलाच्या अलीकडं एक ट्रॅक्टर अगदी पाठीशी आला. त्याचा हॉर्न बाईंच्या मणक्यातून गेला. सोपानराव रस्त्याच्या मधोमध, निवांत, गुणगुणत. बाईंनी त्यांच्या डाव्या खांद्यावर थाप मारली. हल्ली हेच चालायचं. डावी थाप म्हणजे डावीकडं घ्या. स्कूटर बाजूला सरकली आणि उसाचे शेंडे बाईंच्या पदराला घासत गेले.

“ऐकलं की मी! खांदा मोडतीस का?” सोपानराव ओरडले.

“चिलट बसलं व्हतं,” बाई म्हणाल्या. पदरात अडकलेलं उसाचं पान त्यांनी काढून टाकलं.

भिमाजीनं दारातच बाईंना गाठलं. आप्पा चपला काढत होते. “वैनी, आवाज मोठा ठेवतो. म्या मागं एकदा आलो तवाच वळखलं हाय. बाकी तुमी सांभाळून घ्या.”

“सांभाळतीयाच की,” मुक्ताबाई म्हणाल्या. “दुसरं काय करतीय?”

करिश्मा चाळिशीची, नाजूक आवाजाची बाई निघाली. ऐकायला मुक्ताबाईंनाच पुढं वाकावं लागत होतं. “आप्पा, चहा घेणार की कॉफी?” तिनं भिमाजीच्या वतीनं विचारलं.

“व्हय,” सोपानराव म्हणाले.

“चाच घेत्यात त्ये,” भिमाजी घाईघाईनं म्हणाला आणि सगळे उगाच हसले.

करिश्मानं ओढणीत गुंडाळलेली तबकडी काढली. “मी या नादात नवीन आहे, आप्पा. ही जुन्या बाजारात मिळाली. असल असेल तर जिवापाड जपेन. पण फेर असेल तर...” ती जरा लाजली. “माझी मैत्रीण जुन्या रेकॉर्डना मधे भोक पाडून भिंतीवरची घड्याळं करते. छान दिसतात. तिला देऊन टाकेन. चालेल ना तुम्हाला?”

“व्हय, व्हय,” सोपानराव समाधानानं म्हणाले. “चालंल की!”

मुक्ताबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. तबकडीला, मग ती कुठलीही असो, भोक पाडायचं म्हटल्यावर हा माणूस पान सोडून उठला असता. सिकंदराबादला एका भंगारवाल्यानं तबकडीवर तापलेली किटली ठेवली म्हणून त्याच्याशी भांडता भांडता याची गाडी चुकायची राहिली होती. आणि आता तो हसून ‘चालंल’ म्हणत होता.

सोपानराव सवयीनं प्लेअरकडं पाठ करून बसले. डोळे मिटले. भिमाजीनं आवाजाचं बटण जमेल तेवढं फिरवलं. तबकडी बाईंनीच लावायची, तेही सवयीनंच. सुई टेकवताना त्यांनी मनात म्हटलं, फेर निघू दे. येमाई आई, नुसती फेर निघू दे. घड्याळ व्हायचं ते होऊ दे.

खरखर झाली. मग शिट्टी. ती तीच होती, पाठ असलेली. पहिली ओळ माळावरून दूर गेली आणि विरली.

श्वास आला.

कुणा परमुलखातल्या माणसानं बाईंच्या जन्माच्या आगेमागे कधीतरी छाती भरून घेतलेला तो श्वास, भिमाजीच्या चहाच्या कपांवरून, सरळ त्यांच्या कानात. त्या दिवाळीपासून त्यांनी तो ऐकला नव्हता. आपल्याला त्याची इतकी आठवण येत होती हे त्यांना माहीतच नव्हतं.

“फेर,” सोपानराव म्हणाले.

भिमाजीनं बाईंकडं पाहिलं. करिश्मानंही पाहिलं, कारण ही दोघांनी म्हणायची रीत तिला भिमाजीनं आधीच कौतुकानं सांगून ठेवली होती.

“असल,” मुक्ताबाई म्हणाल्या.

सोपानरावांनी मिटल्या डोळ्यांनीच मान डोलवली. बायको आपल्यामागं म्हणाली, काम झालं. तोंडावर तेच सुख.

“म्हणजे नक्की काय?” करिश्मा गोंधळली.

“आप्पा फेर म्हनले म्हंजी फेर,” भिमाजी घाम पुसत म्हणाला. “वैनींचं काय, बोलता बोलता तोंडात आलं.”

“मग घड्याळच.” करिश्मा उठली आणि तिनं सुईकडं हात नेला.

“हात लावू नका,” मुक्ताबाई म्हणाल्या.

त्या स्टूल ओढत नवऱ्याच्या पुढ्यात जाऊन बसल्या आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर थाप मारली. सोपानराव दचकले, डोळे उघडले, आणि नकळत डावीकडं सरकले. खोलीत बसल्या बसल्या. ते बघून बाईंनी हात त्यांच्या खांद्यावर तसाच ठेवला.

“असल हाय.”

सोपानराव त्यांच्या ओठांकडं बघत होते. हल्ली ते सगळ्यांच्या ओठांकडंच बघत. “काय म्हणालीस?”

“असल. शिट्टीवाल्यानं श्वास घेतला. म्या ऐकला.”

“कवा घेतला? मी हितंच बसलोय की. घेतला असता तर मला कसा...” ते थांबले.

तबकडी मागं वाजतच होती. आता ढोल सुरू झाले होते, आणि ढोलाच्या ठेक्यावर सोपानरावांची बोटं आपोआप गुडघ्यावर पडत होती. त्यांनी ती पाहिली आणि मूठ मिटली.

“वैनी, जाऊ द्या,” भिमाजी म्हणाला. “दडे बसल्यात त्यांस्नी. थंडीचे दिस...”

“दडे न्हाईत, भिमाजी.” बाईंनी नवऱ्यावरची नजर काढली नाही. “म्या मागल्या साली दिवाळीपासनं म्हणायचं म्हणून म्हणत आले. आज मागून ट्रॉली आली तवाबी म्या चिलट म्हणाले. आता न्हाई म्हणवत.” त्यांनी ओठ नीट दिसावेत म्हणून पदर हनुवटीखाली सारला, आणि एकेक शब्द सुटा करून, सिग्नल सांगावा तसा, मोठ्यानं म्हटला.

“तुम्हाला ऐकू येत न्हाई.”

भिमाजी खिडकीबाहेर बघायला लागला. तिकडं यार्डात कुठलीशी गाडी भोंगा देत होती.

सोपानराव बायकोच्या तोंडाकडं बघत राहिले, धुक्यातला सिग्नल नीट लागेपर्यंत ड्रायव्हर बघत राहतो तसे. मग पाठ ताठ केली. आणि इंजिनात समोरच्यानं म्हटलेलं परत म्हणायचा त्यांचा जो जुना, मोठा, सपाट आवाज होता, त्याच आवाजात म्हणाले, “मला ऐकू येत न्हाई.”